मास्तरांनी मांडी घालून बसावं

येरवडा, पुणे
३ मार्च २०२५

आदरणीय बाई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे निरोप तुम्ही उघडत नाही, म्हणून पाकिटाला तिकीट लावून तुमच्यापर्यंत येते आहे. लेकीकडे, अस्मिताताईंकडे, नाशिकला रुळलात का? शनिवार पेठेतून जाताना तुमची खिडकी बंद दिसते आणि शाळेला नको असलेली सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

एक विचारायचं आहे. गणित नाही, तरी तुम्हालाच विचारावंसं वाटतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे काहीही विचारलं की आबा म्हणतात, "तू शिकलेली, तूच ठरव." या विश्वासाचा मला अभिमान वाटतो, आणि थोडी भीतीही.

मी ज्या केंद्रात काम करते तिथे, तुम्हाला माहीतच आहे, हातापायांवर ताबा नसलेल्या मुलांना व्यायाम देतात. वस्तीतल्या मुलांना घरून आणायला एक व्हॅन आहे. तात्याराव ती चालवतात, मी मागे मुलांजवळ बसते. तात्याराव अक्षय्य तृतीयेला काम सोडून गावी जाणार आहेत. आमचे प्रमुख अभय सर परवा म्हणाले, "दोन माणसं ठेवणं यापुढे जमणार नाही. सत्यशीला, तू गाडी शिकलीस तर व्हॅन तुझ्याकडे. मुलांच्या आया आळीपाळीने मागे बसतील. नाहीतर वस्तीची फेरी बंद करावी लागेल."

फेरी बंद म्हणजे काय ते सांगते. नागपूर चाळीजवळ स्वराली म्हणून एक मुलगी राहते. सहा वर्षांची आहे, पण अजून मान नीट धरत नाही. तिची आई चार घरी कामाला जाते. व्हॅन आली नाही तर स्वराली घरातच राहणार. वर्षभरात तिने जे कमावलं आहे ते जाईल. मी पदवी घेतली ती अशा कामासाठीच, असं मी समजते.

आमच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन प्रकार आहेत. एक महिन्याचा, रोज अर्धा तास. दुसऱ्याची मोठी पाटीच आहे, "दहा दिवसांत गाडी हातात", रोज तीन तास. मला दुसरा बरा वाटतो. स्कूटर मी कॉलेजपासून चालवते, रस्ते पाठ आहेत, आणि एकदा बसले की उठत नाही हे तुम्ही पाहिलं आहे. तरीही मनात येतं, हा कोर्स माझ्यासाठी आहे का?

तुमची विद्यार्थिनी (अजूनही),
सत्यशीला


नाशिक
९ मार्च

चि. सत्यशीला,

आशीर्वाद आत्ता घे, शाबासकी नंतर बघू.

नाशिक चांगलं आहे. दुकानात शिरलं की दुकानदार "या" म्हणतो. परवा एकाने काही न घेताच पाणी विचारलं. मी घाईघाईने बाहेर पडले. सवय व्हायला वेळ लागेल.

कोर्स चांगला की वाईट असं तू विचारलं असतंस तर पाटीच वाच म्हटलं असतं. "माझ्यासाठी आहे का" विचारलंस, म्हणून लिहिते. असा कोर्स मी स्वतः केलाय, दिवाळीच्या सुट्टीत, चोपन्नाव्या वर्षी. मला तो उत्तम मानवला. पण त्याआधी वीस वर्षं मी आमच्या श्रीधररावांच्या गाडीत शेजारी बसून त्यांच्या प्रत्येक चुकीला मनातल्या मनात ब्रेक लावत होते. माझं शिक्षण झालेलंच होतं, फक्त जागा बदलायची होती. ती त्यांनी सहजासहजी बदलू दिली नाही, ते असो.

तुझं तसं नाही. अपूर्णांक आठवतात? वर्गात तुला सगळं यायचं. दुसऱ्या दिवशी सगळं गेलेलं असायचं. मग आठवड्याने जे परत यायचं ते कायमचं. तुझ्या डोक्याला मध्ये झोप लागते. रोज तीन तास शिकलीस तरी मध्ये रात्र एकच येणार. दुसरं असं की चूक झाली की तू गप्प होतेस, आणि त्या गप्पपणात पुढच्या चुका करतेस. वहीत ते खोडता येतं. भर रस्त्यात मागे पीएमपीची बस उभी असताना काय करशील, याचा विचार कर.

आणि एक सांग. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेसाठी महिनाभर थांबावंच लागतं ना? मग दहा दिवसांत शिकून उरलेल्या दिवसांत काय, कैरीचं लोणचं घालणार? घाई परीक्षेला नाही. मग ती कोणाला आहे, अभयरावांना की तुला?

ठरव तूच. तुझे आबा बरोबर सांगतात.

हेमा खांबेटे


येरवडा
२२ मार्च

आदरणीय बाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा माझा कोर्स सुरू होऊन तीन दिवस झाले होते. रागावू नका. शिकाऊ परवाना हातात पडला त्याच दिवशी आबा म्हणाले, "चल, आजच नाव घालू." त्यांनी कंपनीतून सुट्टी काढली होती. त्यांचा उत्साह बघून मला थांबा म्हणवलं नाही. लोणच्याचं वाचून आई खूप हसली. म्हणाली, "बाईंना सांग, माझ्या लेकीने लोणचं घातलं तर आपल्याला विकतच आणावं लागेल."

पण बाई, आनंदाची बातमी आहे. कोर्स संपला, आणि मला गाडी येते! आमचे शिकवणारे उत्तरेश्वर सर आमच्या गावाकडचेच, धाराशिवचे निघाले. फार चांगला माणूस. पहिल्या दिवशी तुरुंगाच्या भिंतीलगतच्या सरळ रस्त्यावर नेलं. चौथ्या दिवशी नगर रोडला आणि मग थेट बंडगार्डनच्या पुलावरून. एका रिक्षावाल्याने डाव्या बाजूने अचानक वळण घेतलं तरी गाडी अशी अलगद थांबली की माझं मलाच नवल वाटलं. सिग्नलला एकदाही बंद पडली नाही. सर म्हणाले, "ताई, तुमचा हात बसलाय. काही लोकांना महिन्यात बी येत नाय."

तुम्ही सांगितलेलं सगळं मी मनात ठेवलं होतं. रोज घरी येऊन त्या दिवशीच्या चुका आठवायचे, पण आठवायला फारशा सापडतच नव्हत्या. कदाचित मी आता पूर्वीसारखी राहिले नाही. आणि त्याचं श्रेयही तुमचंच, कारण बसून शिकायला तुम्हीच लावलंत.

अभय सरांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. तात्याराव नुसते हसले आणि म्हणाले, "बरं झालं."

शाबासकीची वाट पाहते आहे.
सत्यशीला


नाशिक
२७ मार्च

चि. सत्यशीला,

शाबासकीआधी एकच प्रश्न. या गाड्यांमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. रिक्षा आडवी आली तेव्हा ब्रेक कोणी दाबला?

एवढं कर. पुन्हा तासभर गाडी घे आणि मास्तरांना सीटवर मांडी घालून बसायला सांग. दोन्ही पाय वर. मी वर्गात पुस्तकामागची उत्तरांची पानं काढून घेत असे, त्याची तुला सवय आहे.

अस्मिता म्हणते मी फार कडू लिहिते. असेल.

हेमा खांबेटे


येरवडा
४ एप्रिल

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं.

उत्तरेश्वर सर आधी चिडले. "ताई, आमच्यावर विश्वास नाय का तुमचा?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यावर आहे सर. माझ्यावर ठेवायचा की नाही, ते बघायचंय." मग त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि जेवायला बसल्यासारखी मांडी घातली. हात मात्र हँडब्रेकजवळ ठेवला. सकाळची वेळ होती, रस्ता मोकळा होता.

गुंजन चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबता थांबता माझा डावा पाय क्लचवरून उचलला गेला. का, ते माहीत आहे? जमिनीवर टेकवायला. स्कूटर थांबली की मी डावा पाय खाली टेकवते, इतकी वर्षं तेच केलं आहे. पाय बाजूला गेला, गाडीने मोठा गचका खाल्ला आणि बंद पडली. पुढच्या सिग्नलला तेच. तिसऱ्यांदा तर मला कळत होतं, तरी पाय गेलाच. मागचा स्कूटरवाला काचेशी येऊन म्हणाला, "मॅडम, खाली उतरून ढकलता का, लवकर पोचाल."

बाई, दहा दिवस माझा पाय हेच करत होता. दर वेळी सर त्यांच्या बाजूचा क्लच आणि ब्रेक दाबून गाडी सांभाळत होते. रिक्षासमोर गाडी त्यांनीच थांबवली. मी विचारलं तर म्हणाले, "अहो ताई, सगळ्यांचंच तसं असतंय. आमी नाय दाबला तर गाडी तरी राहील का? शिकणारा घाबरू नये म्हणून बोलत नाय आमी." त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. एवढे तास सलग चालवायचं, तर माझी प्रत्येक चूक मला दाखवायला त्यांना वेळ कुठे होता? आणि मी थांबून विचारलंही नाही.

मी काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. गप्प झाले. गाडी कडेला लावून घरी आले आणि नंतर तिकडे फिरकले नाही.

गाडी बंद पडली याचं मला काही नाही. सारखा तो गचका आठवतो. माझी मान पुढे जाऊन मागे आली. माझी मान धरते. स्वरालीची धरत नाही.

आणि अभय सरांनी टाळ्या वाजवल्या आहेत. मी नाही म्हटलं तर फेरी बंद. हो म्हटलं तर हा पाय. तुमच्यावर एक दिवस रागही आला, खोटं नाही लिहीत. मग वाटलं, हे मला चौकात कळलं ते बरं झालं. मुलं मागे बसलेली असताना कळलं असतं तर? यासाठी तुमचे आभार कसे मानू?

काय करू ते सांगा.
सत्यशीला


नाशिक
९ एप्रिल

चि. सत्यशीला,

तो स्कूटरवाला आमच्या पेठेतला असावा.

आभार राहू देत. "काय करू" याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. "माझी मान धरते, स्वरालीची धरत नाही." ज्याला हे कळतं त्याच्याच हातात ती व्हॅन असावी. पण आज नाही.

कोर्स वाया गेला असं समजू नकोस. रस्त्याची भीती गेली, गिअर कळले, स्टिअरिंग कळलं. ज्याला नुसती सुरुवात हवी आहे किंवा जुनं उजळायचं आहे त्याला तो पुरतो. तुला नवं शिकायचंच होतं, शिवाय जुनं विसरायचंही होतं. विसरायला घाईचा उपयोग नसतो. आता रोज थोडं चालव, झोप, पुन्हा चालव.

अभयरावांना आजच्या आज खरं सांग. ते टाळ्या परत मागणार नाहीत.

तुझी
हेमा खांबेटे


नाशिक
६ मे

चि. सत्यशीला,

अक्षय्य तृतीया होऊन गेली, तुझं पत्र नाही. रागावली असशील तर तसं लिही, मला राग वाचायची सवय आहे. शाळेत तीस वर्षं काढली आहेत. पण काही झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर एका ओळीत कळव. मागच्या पत्रात मी एवढं ठणकावून सांगायला नको होतं, असं अलीकडे पोस्टमन आला नाही की वाटतं.

अस्मिताने फोन लावून दिला होता. तू काहीतरी बोललीस, मला "हो" एवढंच ऐकू आलं. कशाला हो?

हेमा खांबेटे


येरवडा
२१ मे

प्रिय बाई,

तो "हो" तुम्ही "बरी आहेस ना" विचारलंत त्याला होता. कोणालाही लागलेलं नाही. रागही नाही. पत्र लिहायला बसत होते, पण सांगण्यासारखं अर्धंच होतं, आणि एकदा मी अर्ध्यावर आनंद कळवला होता, म्हणून थांबले. तुम्हाला काळजीत ठेवलं याची क्षमा करा.

आता सगळं सांगते.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी अभय सरांकडे गेले. सगळं सांगितलं, पाय कसा उचलला जातो ते खुर्चीवर बसून दाखवलंही. त्यांनी तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, "हे तू परवाना मिळाल्यावर सांगितलं असतंस तर मला राग आला असता." तात्याराव तिथेच होते. ते म्हणाले, "मला माहीत होतं. एवढ्यात कोणाला येतं? पण पोरगी खूश होती." माझा आनंद मोडू नये म्हणून किती माणसं गप्प बसली होती, बाई! एकट्या तुम्हीच नाही बसलात.

तेव्हापासून मुलांना घरी सोडून झालं की रिकामी व्हॅन मी चालवायची आणि तात्यारावांनी शेजारी बसायचं, असं ठरलं. तिथे त्यांच्या पायाखाली काहीच नव्हतं, त्यामुळे ते देवाचं नाव घेत बसत. आईने एक युक्ती काढली. स्वरालीच्या सीटवर कलिंगड ठेवलं. म्हणाली, "हे गडगडलं नाही तर पोरीची मान हलणार नाही." पहिल्या आठवड्यात आमच्या चाळीत सगळ्यांनी कलिंगड खाल्लं. आबा म्हणाले, "सत्या, जरा नीट शीक, नाहीतर आता आंबे ठेवायला सांगतो."

एप्रिल संपायच्या आत मी परवान्याची परीक्षा दिली आणि पास झाले. खिशात परवाना होता, तरी शेवटच्या दिवशी कलिंगड थोडं सरकलंच. तात्यारावांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्पष्ट सांगितलं, "रिकामी चालव. पोरं अजून नको." आणि ते गावी गेले. फेरी बंद झाली.

ते दिवस वाईट गेले. मी स्कूटरवरून घरोघरी जायचे आणि केंद्रातल्या ताईंनी शिकवलेले व्यायाम मुलांकडून करून घ्यायचे. सगळ्यांकडे रोज पोचता येत नसे. स्वरालीची आई एकदा म्हणाली, "तुम्ही गाडी शिकलात असं ऐकलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी सांगितलं, "शिकले, पण स्वरालीला बसवण्याइतकी नाही." तिने मुलीची चादर नीट केली आणि कामाला निघून गेली.

उत्तरेश्वर सरांचं मात्र सांगायलाच हवं. मी त्यांच्याकडे गेले, म्हटलं, "सर, आता रोज अर्धाच तास हवाय, आमच्याच व्हॅनमध्ये." ते आले. व्हॅनमध्ये त्यांच्या बाजूला पेडल नव्हतं, तरी आल्याबरोबर चपला काढून मांडी घातली. म्हणाले, "मला बी आता हेच बरं वाटतंय. पाय टेकला की दाबावंसं वाटतं." माझा डावा पाय क्लचवरून सुटला की ते लगेच "गेला" एवढंच म्हणायचे. बाकी काही नाही. मी गप्प व्हायच्या आत पुढचा सिग्नल यायचा. एके सकाळी घरी पोचल्यावर लक्षात आलं, आज त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. आता नव्या शिकणाऱ्यांनाही ते एक तास मांडी घालून दाखवतात. "नाशिकच्या बाईंची पद्धत" असं नाव ठेवलंय तिला.

अभय सर म्हणाले, आता सुरू कर. पण ते सरांनी सांगून चालणार नव्हतं, मलाच पुरेसं वाटेना. म्हणून गेल्या शुक्रवारी नागपूर चाळीत व्हॅन नेली आणि स्वरालीच्या आईला म्हटलं, "ताई, स्वरालीला नको, आधी तुम्ही एकट्या या." ती कामावरून आली होती, हात अजून ओले होते. व्हॅनमध्ये चढली आणि स्वरालीच्या सीटवर बसली. पट्टा लावला. मग तिने डोळे मिटले आणि मान सैल सोडली, अगदी स्वरालीची असते तशी.

मी निघाले. बाई, एवढी सावध मी दहावीच्या परीक्षेतही नव्हते. गुंजन चौक, मग विश्रांतवाडीकडे, वाटेत सिग्नल, एक कुत्रा, उलट्या दिशेने येणारा एक डिलिव्हरीवाला. आरशात मला तिची मान दिसत होती. एकदा किंचित डावीकडे झुकली आणि तशीच राहिली. केंद्राच्या फाटकाशी थांबले तेव्हा तिने डोळे उघडले. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "दोन ठिकाणी थोडं जोरात झालं. त्या कुत्र्याशी आणि शेवटच्या सिग्नलला." मी मान खाली घातली. ती म्हणाली, "सोमवारी आणते तिला."

म्हणजे परवा. सोमवारी फेरी पुन्हा सुरू झाली. मी सगळ्यांत आधी स्वरालीला घेतलं. तिच्या आईने तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पुढच्या घरी अजून दोघं चढली. मी कुठेही घाई केली नाही. मागून हॉर्न वाजत होते, ते वाजू दिले.

केंद्राजवळ आल्यावर मी मागे वळून "आलो हं ताई" म्हणाले. उत्तर आलं नाही. स्वराली डोळे उघडे ठेवून खिडकीतून बाहेर बघत होती. तिची आई झोपली होती. पहाटेपासून चार घरची भांडी घासून आलेली ती बाई, तिच्या मुलीला मी नेत असताना, गाढ झोपली होती. मी गाडी सावलीत घेतली, इंजिन बंद केलं आणि बाकीच्या मुलांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. थोडा वेळ आम्ही तसेच बसून राहिलो.

तुम्हाला हे सांगायचं होतं. आभार मानायचे तर यादी मोठी आहे, आबांपासून कलिंगडापर्यंत. पण खरं सांगणारं माणूस सगळ्यांना भेटत नाही. मला शाळेत भेटलं, आणि शाळा सुटली तरी सुटलं नाही.

पुण्याला याल तेव्हा स्टेशनवर घ्यायला मी येईन. हवं तर मागच्या सीटवर बसून झोप काढा.

तुमची
सत्यशीला